नाव ब्राउनिंगचं, डोकं सेव्हचं

माझ्या भाच्याला पिस्तुलांची नावं तोंडपाठ आहेत, पी १९११ काय, पी ९२ काय, कुठल्यात किती राउंड, म्हणजे गोळ्या, बसतात ते पण, सगळी पब्जीची कृपा. परवा त्याला घेऊन घोरपडीच्या वॉर मेमोरियलला गेलो होतो, ते मिग विमान ठेवलंय तिथं, तर तिथं गेटवर कुणातरी ऑफिसरच्या कमरेला होल्स्टर दिसलं आणि मी सहज विचारलं की बाबा आपल्या आर्मीचं पिस्तूल कुठलं, सांग. गप्प. मग म्हणाला ग्लॉक असेल. ग्लॉक आहे, नाही असं नाही, स्पेशल फोर्सेसकडे वगैरे आहे, पण गेली कित्येक वर्षं आपल्याकडचं नेहमीचं सर्व्हिस पिस्तूल म्हणजे 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए', आणि ते म्हणजे दुसरं तिसरं काही नसून ब्राउनिंग हाय पॉवर. इशापूरला बनलेलं. त्याला हे ऐकून काही विशेष वाटलं नाही, पण माझं डोकं तेव्हापासून त्यातच अडकलंय, म्हणून लिहून टाकतो.

आधीच सांगतो, पुण्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्हटलं की गाडी लगेच गणेशखिंड रोडवर जाते, १८९७ चा रँड, नाहीतर मग फर्ग्युसनची लायब्ररी, १९३१, हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडणारे गोगटे. तो विषय वेगळा, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला आज फक्त यंत्राबद्दल बोलायचंय, आणि एका बेल्जियन माणसाबद्दल, ज्याचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही.

हाय पॉवरच्या आधी इंग्रजांच्या आणि म्हणून आपल्याही फौजेत रिव्हॉल्व्हर होती. वेब्ली मार्क ६, १९१५ ची, पॉइंट ४५५ बोअर (नळीचं भोक, इंचात), किलोभराच्या वर वजन, मधून दुमडून उघडली की सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर. दणकट मामला. पण पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या लक्षात आलं की नवशिक्या माणसाला एवढा धक्का देणारं हत्यार शिकवायला फार वेळ लागतो, मग छोटं पॉइंट ३८ बोअरचं काढायचं ठरलं, वेब्ली कंपनीनं डिझाइन दाखवलं, सरकारनं ते बघितलं, आणि जवळपास तसंच स्वतःच्या एनफिल्ड फॅक्टरीत बनवायला घेतलं! कंपनीनं दावा ठोकला, बरंच भांडण झालं आणि शेवटी १२५० पौंड हातावर टेकवले. ते एनफिल्ड नंबर २, १९३२ चं. पुढं १९३८ ला रणगाड्यातले लोक तक्रार करायला लागले की हॅमरचं, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका मारणाऱ्या मागच्या घोड्याचं, शेपूट आत चढता-उतरताना कुठंतरी अडकतं, म्हणून ते शेपूटच कापून टाकलं, आणि मग प्रत्येक गोळीला ट्रिगर लांबलचक आणि जड ओढायला लागायचा, त्यामुळे नेम बसेना. एक तक्रार मिटवायची तर दुसरी तयार.

जुन्या बाजारात मला एकदा त्या रणगाडावाल्यांचं कॅनव्हासचं होल्स्टर बघायला मिळालं, मांडीपर्यंत लोंबणारं, पितळी बकल हिरवं पडलेलं, विकणारा म्हणत होता बॅटरी ठेवायची पिशवी आहे. त्याच्या दर्शनी बाजूला काडतुसं खोचायला कॅनव्हासचे कप्पे शिवलेले होते. मोजून सहा. म्हणजे हिशोब बघा, रिव्हॉल्व्हरमध्ये सहा आणि होल्स्टरवर सहा, ती पण एकेक करून हातानं भरायची, ट्रेमधून अंडी काढतात तशी. समोरून कुणी पळत येत असताना. हे होल्स्टर हातात धरलं की हाय पॉवर का आलं ते पुस्तक न वाचता कळतं.

तर आता मूळ गोष्ट. पहिलं महायुद्ध संपल्यावर फ्रेंच आर्मीला नवीन पिस्तूल पाहिजे होतं. यादी लांबलचक होती, मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डब्यात, किमान १० राउंड, वजन किलोच्या आत, ५० मीटरवर उपयोगी पडलं पाहिजे, सोपं उघडता आलं पाहिजे, आणि एक अट अशी की मॅगझीन काढलेलं असेल तर ते फायरच होता कामा नये. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिनं पुढं शंभर वर्षं लोकांचं डोकं खाल्लंय.

बेल्जियमच्या हर्स्टलची एफएन कंपनी या कामाला लागली. त्यांचं अमेरिकेच्या जॉन मोझेस ब्राउनिंगशी जुनं जमलेलं होतं. ब्राउनिंग म्हणजे या धंद्यातला देवमाणूस, कोल्ट १९११ त्याचं, ५० कॅलिबर मशीनगन त्याची, आणि काय काय. पण त्याचं म्हणणं साधारण असं की एवढ्या राउंडची गरज काय, सात-आठ पुरे की. इथं एन्ट्री होते आपल्या माणसाची, द्यूदोने सेव्ह. एफएनमधला इंजिनिअर. त्यानं काय केलं तर मॅगझीन बनवलं. बास. एक पत्र्याचा डबा आणि एक स्प्रिंग.

पण त्या डब्यातच सगळी गंमत आहे. तोपर्यंत पिस्तुलाच्या मुठीत गोळ्या एकावर एक अशा एकाच रांगेत बसायच्या, सात किंवा आठ. दोन रांगा करायचं कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही, जर्मन माउझरमध्ये ट्रिगरच्या पुढं दहाचा खोका होता, अमेरिकन सॅव्हेजनं बारीक बोअरमध्ये तसं केलेलं होतं. पण आर्मीला लागते तेवढी दमदार ९ मिलिमीटरची गोळी, ती मुठीत दोन रांगांत बसवायची आणि तरी मूठ माणसाच्या हातात मावली पाहिजे, हे अवघड काम. सेव्हनं गोळ्या तिरप्या, एकमेकींच्या खाचेत बसतील अशा रचल्या, त्यामुळे रुंदी दुप्पट होत नाही, दीडपटीच्या आसपास होते. आणि वर तोंडाशी दोन्ही रांगा एकच होतात, दगडूशेठच्या दर्शनाला बॅरिकेडमध्ये दोन रांगा पुढं एकात मिसळतात तसं, आणि तिथंही जी ढकलाढकली होते तीच मॅगझीनमध्ये व्हायची भीती असते. तो गळा किती लांबीत निमुळता करायचा, वरचे ओठ किती वळवायचे, स्प्रिंग किती ताठ ठेवायची, यात जरा चुकलं की गोळी आडवी होऊन अडकली. सेव्हचं अडकलं नाही. शेवटी १३ राउंड बसले, एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, आधीच भरलेला धरला तर १४. कोल्ट १९११ मध्ये सात होते!

ब्राउनिंगनं ते मॅगझीन घेऊन त्याच्याभोवती पिस्तूल बनवलं, पेटंट अर्ज १९२३ चा. पण एक गोची होती. १९११ चे हक्क त्यानं कधीच कोल्टला विकून टाकलेले, म्हणजे स्वतःच्याच चांगल्या कल्पना त्याला स्वतःला वापरता येईनात. मग आडवळणानं काही काही केलं. २६ नोव्हेंबर १९२६ ला तो बेल्जियममध्येच, एफएनच्या कारखान्यात काम करता करता हार्ट अटॅकनं गेला, आणि पेटंट मंजूर झालं त्यानंतर, फेब्रुवारी १९२७ मध्ये. पुढचं सगळं सेव्हनं केलं. १९२८ ला कोल्टकडची पेटंटं संपली तशी त्यातल्या चांगल्या गोष्टी त्यानं उचलल्या, आतला स्ट्रायकर (गोळीवर आपटणारी आतली पिन) काढून बाहेरचा हॅमर दिला, मूठ सुधारली, आणि १९३५ ला बेल्जियमच्या आर्मीनं ते घेतलं. नाव ग्रँड पुइसांस, म्हणून जीपी ३५, आणि इंग्रजीत हाय पॉवर. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, नाव ब्राउनिंगचं. ब्राउनिंगच्या नावावर माल खपतो हे कंपनीला माहीत होतं, सेव्ह कोण विचारतो.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या फ्रेंचांनी? घेतलंच नाही. त्यांनी आपलं स्वतःचं दुसरंच छोट्या गोळीचं एक पिस्तूल पसंत केलं. ग्राहक यादी देऊन निघून गेला आणि त्याची अट मात्र मालात राहिली.

आता आतलं थोडं सांगतो, ज्यांना बोअर होतं त्यांनी एक पॅरा सोडा. गोळी सुटते तेव्हा बॅरल, म्हणजे नळी, आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात, बॅरलच्या पाठीवर उंचवटे आणि स्लाइडच्या पोटात खाचा. दोघी मिळून थोड्या मागं येतात, तोवर गोळी बाहेर पडून आतला दाब कमी झालेला असतो, आणि मग बॅरलचा मागचा भाग खाली झुकतो, उंचवटे खाचांतून सुटतात, स्लाइड एकटी मागं जाते, पुंगळी फेकते, येताना नवीन गोळी घेऊन येते. १९११ मध्ये बॅरलला खाली ओढायला एक बारीकशी हलती कडी होती, पिनेवर फिरणारी. हाय पॉवरमध्ये ती कडीच काढून टाकली, बॅरलच्या खाली एक तिरकी खाच कोरली आणि फ्रेममधला आडवा तुकडा तिला खाली खेचतो. एक पार्ट कमी, एक पिन कमी. आजची बहुतेक पिस्तुलं, ग्लॉक धरून, थोड्याफार फरकानं याच तत्त्वावर चालतात.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ट्रिगर पुढं आणि हॅमर अडवणारा खटका मागं, मध्ये हे जाडजूड मॅगझीन. जोडायचं कसं? १९११ मध्ये ट्रिगरची पट्टी मॅगझीनच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागं जाते, इथं तसं केलं असतं तर मूठ अजून जाड झाली असती. म्हणून त्यांनी रस्ता वरून काढला. ट्रिगर ओढला की एक दांडी वर उठते, ती स्लाइडमध्ये बसवलेल्या पट्टीचं पुढचं टोक उचलते, मागचं टोक खाली दबतं आणि खटका सुटतो. आणि स्लाइड मागं गेली की पट्टीही तिच्याबरोबर गेली, म्हणजे जोडणी आपोआप तुटली, दुसरी गोळी आपल्या आपण सुटायचा प्रश्न नाही. त्यासाठी वेगळा पार्ट लावायला लागलाच नाही. त्यामुळे होतं काय की १३ राउंडचं पिस्तूल असून हातात धरल्यावर ते बारीक वाटतं, ज्यांनी ज्यांनी चालवलंय ते पहिल्यांदा हेच सांगतात.

मग वाईट काय? ती फ्रेंचांची अट. मॅगझीन काढलं की फायर नको, म्हणून ट्रिगरमध्ये एक छोटा दट्ट्या बसवला जो मॅगझीनच्या पुढच्या भिंतीवर टेकतो, मॅगझीन असेल तरच तो दाबला जातो आणि ट्रिगरची जोडणी होते. पण तो दट्ट्या प्रत्येक वेळी त्या पत्र्यावर घासतो. ट्रिगर ओढताना वाळू असल्यासारखं खरखरीत लागतं, आणि त्या दाबामुळे बटण दाबलं तरी मॅगझीन सटकन खाली पडत नाही, हातानं ओढायला लागतं. बाहेरच्या देशांत हाय पॉवर घेणारे लोक पहिलं काम काय करतात तर तो दट्ट्या काढून टाकतात.

आमच्या सोसायटीत एक रिटायर्ड सुभेदार आहेत, त्यांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं तर त्यांचं मत एकदम उलटं. म्हणाले, "अरे, तू रेंजवर बघितलं नाहीस म्हणून बोलतोस. लोक मॅगझीन काढतात आणि समजतात झालं खाली. चेंबरमधला एक राउंड कोण बघतो? खाली कर म्हटलं की आधी मॅगझीन काढ, मग स्लाइड ओढ, मग आत बोट घालून बघ, आणि तरी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा करताना कुणीतरी गोळी ठोकतोच." आता हे पण खरंच आहे. नेमबाजाला जे खुपतं ते कोत एनसीओला बरं वाटतं. माझं मत विचाराल तर ट्रिगर बिघडवून सुरक्षितता आणायची हे काही मला पटत नाही, पण काकांशी या विषयावर वाद घालायची माझी लायकी नाही.

अजून एक खोड म्हणजे हॅमर. गोल कडीसारखा हॅमर मागं येताना अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात चावतो, मोठ्या हाताच्या माणसाला तर हमखास. आणि सुरुवातीच्या सेफ्टीचं बटण इतकं बारीक की थंडीत ग्लोव्ह घालून ते सापडत नाही. मोठं आणि दोन्ही बाजूंना बटण यायला ऐंशीचं दशक उजाडलं.

दुसऱ्या महायुद्धात याच्या नशिबी जे आलं ते क्वचितच कुठल्या हत्याराच्या नशिबी आलं असेल, ते दोन्ही बाजूंनी लढलं. १९४० ला जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि एफएनचा कारखाना त्यांच्याच हाताखाली सुरू राहिला, जर्मन आर्मीसाठी तीन लाखांच्या वर हाय पॉवर तिथं बनली. सेव्ह आणि त्याचे काही सहकारी निसटून इंग्लंडला पोचले. मग कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीनं तेच पिस्तूल दोस्तांसाठी बनवायला घेतलं, १९४४-४५ मध्ये दीड लाखाच्या आसपास. ही इंग्लिस युद्धानंतर वॉशिंग मशिनं वगैरे बनवायला लागली, ते एक वेगळंच. ऑर्डर मुळात चीनची होती, च्यांग कै शेकच्या फौजेसाठी, आणि त्या चिनी मॉडेलवर नेम धरायची मागची साइट ५०० मीटरपर्यंत आखलेली आणि लाकडी दस्ता जोडायची सोय. पिस्तुलाला ५०० मीटर! सदाशिव पेठेतून नेम धरायचा आणि शनिपारावर लागला पाहिजे असा प्रकार, पण ऑर्डर देणाऱ्याला पाहिजे तर पाहिजे. साधी फिक्स साइटवाली दुसरी आवृत्ती पण निघाली, कॅनडा-ब्रिटनवाल्यांसाठी.

युद्धानंतर मात्र या पिस्तुलाचा सुवर्णकाळ. ब्रिटिशांनी १९५४ ला एनफिल्ड रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून हेच घेतलं, एल९ए१ नावानं, आणि २०१३ ला ग्लॉक येईपर्यंत वापरलं. लंडनच्या इराणी वकिलातीत १९८० ला एसएएस, म्हणजे ब्रिटिशांचं कमांडो पथक, घुसली तेव्हा त्यांच्याकडे हे होतं. १९८२ ला फॉकलंड्समध्ये तर पुन्हा तोच तमाशा, ब्रिटिशांकडे हाय पॉवर आणि समोर अर्जेंटिनाकडे पण लायसन्सवर बनवलेलं हाय पॉवर. पन्नासहून जास्त देशांच्या फौजांनी वापरलं. २०११ ला गडाफी पकडला गेला तेव्हा लोकांनी जे सोन्याचा मुलामा दिलेलं पिस्तूल नाचवलं, ते सुद्धा ब्राउनिंग हाय पॉवरच. चांगल्या हत्याराला सोनं लावणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं.

आपलं १ए हे त्या कॅनडाच्या इंग्लिसवरून आलंय, फिक्स साइटवालं, बेल्जियमच्या नंतरच्या सुधारणा त्यात फारशा नाहीत. बनतं कलकत्त्याजवळ हुगळीकाठी, इशापूरच्या रायफल फॅक्टरीत. आणि आता मी ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते सांगतो. याच इशापूरला आपली एसएलआर बनायची, ती लांब लाकडी दस्त्याची ७.६२ ची रायफल, ६२ च्या चीन युद्धानंतर आली, ६५ ला होती, ७१ ला होती, पोलिसांच्या बंदोबस्तात अजून दिसते. ती कशावरून? बेल्जियमच्या एफएन फाल वरून. आणि फाल कुणाची? द्यूदोने सेव्हची! इंग्लंडहून परत जाऊन त्यानं ती केली. म्हणजे एके काळी आपल्या फौजेत खांद्यावर जे होतं आणि साहेबाच्या कमरेला जे होतं, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेलं. आमच्या सुभेदार काकांनी ऐन उमेदीची वर्षं एसएलआर उचलण्यात घालवली आणि हे नाव त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. पुढं एसएलआरची जागा घेणारी इन्सास मात्र पुण्याची, पाषाणच्या एआरडीईमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या हत्यारांच्या लॅबमध्ये, डिझाइन झालेली, कारगिलला तीच होती.

गोळीचा संबंध तर आपल्या अजून जवळचा. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, तिथल्या छोट्या काडतुसांच्या बुडावर के एफ असा ठसा असतो, किर्की फॅक्टरीचा, किर्की म्हणजे इंग्रजांची खडकी. २०२१ ला ऑर्डनन्स बोर्डाचे, म्हणजे हत्यारांच्या सरकारी कारखान्यांच्या बोर्डाचे, तुकडे करून सात कंपन्या केल्या त्यात दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आली आणि बंदुकांची कानपूरला गेली, इशापूर आता तिच्याखाली. तुम्हाआम्हाला मात्र ९ मिलिमीटर लायसन्सवर मिळत नाही, तो प्रोहिबिटेड बोअर, नागरिकानं पॉइंट ३२ बोअरवर समाधान मानायचं.

काकांना मी विचारलं की खऱ्या लढाईत पिस्तुलाचा उपयोग किती. हसले. म्हणाले, "ज्याच्या कमरेला पिस्तूल तो ऑफिसर, हे समोरच्यालाही कळतं ना. आमचे साहेब पुढं जाताना कार्बाइन नाहीतर रायफलच घ्यायचे." म्हणजे ज्या हत्यारावर एवढी अक्कल खर्च झाली ते बहुतेक जन्मभर चामड्यातच बसून असतं, लॅनयार्डची दोरी लावून, महिन्याला तेल-पाणी करून. पाषाणवाल्यांनी मग त्याच जागेसाठी वेगळा विचार केला, महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर 'अस्मी' नावाची ९ मिलिमीटरची मशीन पिस्तूल बनवली, २०२१ ला जाहीर झाली, काही पार्ट थ्रीडी प्रिंटिंगचे, १०० मीटरचा पल्ला, आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न कमांडला ५५० मिळाल्या. गोळी तीच हाय पॉवरची, १९०२ ला निघालेली.

बाकी हाय पॉवर आता हळूहळू निवृत्त होतंय. कॅनडावाल्यांनी युद्धातली ती इंग्लिसची पिस्तुलं दुरुस्त करत करत ऐंशी वर्षं ओढली आणि शेवटी सिग कंपनीचं पिस्तूल घेतलं. एफएननं उत्पादन बंद केलं २०१७-१८ च्या सुमाराला, आणि लोकांनी गळा काढला म्हणून २०२२ ला त्याच नावानं नवीन काढलं, १७ राउंडचं, दोन्ही बाजूंना मोठी बटणं. जुन्याचे पार्ट आणि मॅगझीन त्याला बसत नाहीत. आणि तो मॅगझीनवर घासणारा दट्ट्या त्यांनी शेवटी काढून टाकला. काकांना अजून सांगितलेलं नाही.